पानावर आठ नावं

“पहिल्यापासून वाचा,” विहीणबाई म्हणाल्या.

मी उघडलेलं रजिस्टर मिटलं आणि पुन्हा पहिल्या पानावर आलो. बाहेर वारा होता आणि आत बाहेरच्यापेक्षा गार होतं. चर्चच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या लहानशा खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, पाद्र्यांचे झगे अडकवायचं कपाट आणि एक लोखंडी तिजोरी, एवढंच सामान. तिजोरीतून काढलेलं दफनाचं रजिस्टर माझ्या पुढ्यात होतं. सन १९२१ पासूनचं.

“अहो, तुमच्या आई गेल्या त्रेचाळीस साली,” मी म्हणालो. “सरळ त्रेचाळीस काढू, नोंद बघू, कबरीचा नंबर उतरवून घेऊ आणि घरी जाऊन चहा पिऊ. मधल्या बावीस वर्षांतली माणसं कशाला वाचायची?”

“मला त्यांच्या शेजारी झोपायचंय ना? मग शेजार कोण आहे ते कळायला नको?”

मी चष्मा पुसला आणि पहिलं नाव वाचलं.

ही गोष्ट दहा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. आदल्या वर्षी माझी बायको कमल गेली, आणि साताऱ्याच्या घरात मी एकटा काय करणार म्हणून आमच्या शुभदाने मला सहा महिन्यांसाठी तिकडे नेलं. इंग्लंडच्या नकाशात खाली डाव्या हाताला जे शेपूट समुद्रात गेलेलं दिसतं, ते कॉर्नवॉल. त्या शेपटाच्या टोकाशी सेंट इल्वर्न नावाचं गाव. शुभदाचा नवरा पेरन होस्किंग तिथल्या शाळेत मास्तर, आणि ती जवळच्या दवाखान्यात लोकांचे गुडघे वळवून घ्यायची. दिवसभर घरात मी आणि मांजर. मला दुःख झालं होतं असं मी म्हणणार नाही, कारण दुःख करायलाही अंगात जोर लागतो. मी नुसता थकलो होतो. सकाळी उठलो की रात्र कधी होते याची वाट बघायची, हेच काम.

पेरनची आई लव्हडे होस्किंग दोन गल्ल्या टाकून एकटी राहायची. वय एकोणऐंशी. तिकडे लव्हडे हे बाईचं जुनं नाव आहे. त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर मधोमध अंधार झाला होता. कडेचं दिसायचं, म्हणजे दारात कोणी उभं आहे हे कळायचं, पण कोण ते कळायचं नाही. वाचणं तर संपलंच होतं. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, “या, माय हँडसम.” मी चपापून शुभदाकडे बघितलं. ती हसत म्हणाली, “आप्पा, इकडे पोस्टमनलासुद्धा असंच म्हणतात. हुरळून जाऊ नका.” खरं सांगायचं तर आयुष्यात मला तसं कोणी म्हटलं नव्हतं, आणि मी जरासा हुरळलोच होतो.

विहीणबाईंना एकच गोष्ट हवी होती. मेल्यावर त्यांना आईच्या कबरीत जायचं होतं. आई गेली तेव्हा त्या सात वर्षांच्या. लगेच त्यांना दुसऱ्या गावी मावशीकडे धाडलं, आणि दगड बसवायला मागे कोणी उरलं नाही. बाप त्याआधीच कोलारच्या सोन्याच्या खाणीत कामाला गेला होता आणि तिथेच गेला.

“माझा बाप तुमच्या देशात पुरलाय,” त्या मला म्हणाल्या होत्या. “तेव्हा माझी आई तुम्ही शोधून द्यायची.”

“कोलार आमच्यापासून आठ-नऊशे किलोमीटरवर आहे, विहीणबाई.”

“माझ्यापेक्षा तरी जवळच की.”

गावचं दफनाचं आवार भरत आलं होतं. नवी कबर आता कोणाला मिळणार नव्हती. ज्यांच्या घरच्या जुन्या कबरीत जागा आहे, आणि ती कबर नेमकी कुठली हे ज्यांना दाखवता येईल, त्यांचीच नावं यादीत जाणार होती. ती यादी सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी कायमची बंद व्हायची होती. कबरींचा नकाशा ओल लागून केव्हाच गेला होता. उरलं होतं ते हे रजिस्टर. जुने पाद्री त्यात समासात पेन्सिलीने कबरीचा नंबर टाकत. पेरनचं म्हणणं होतं, कशाला हा खटाटोप, शहरात दहनाची चांगली सोय आहे. विहीणबाईंना ते पटत नव्हतं. मी एकदा म्हणून बघितलं, “आमच्याकडे सगळे तसेच जातात. अजून कोणाची तक्रार आलेली नाही.” त्या मनापासून हसल्या, पण म्हणाल्या, “मला आईजवळच जायचंय.”

आणि मी अडतीस वर्षं भूमी अभिलेख कचेरीत काढलेली. मोडी, इंग्रजी, कसलंही अक्षर, कसलीही शाई, वाळवीने खाल्लेलं असो नाही तर उंदराने, मी वाचणार. शुभदाने मला जुंपलं यात नवल नव्हतं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला उद्योग होईल.

मग दर मंगळवारी आणि गुरुवारी आम्ही दोघं चर्चमध्ये. किल्ली मिस्टर नान्कारोंकडे. ते तिथले चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणारे गावचे गृहस्थ. काहीही विचारलं तरी ते म्हणायचे, “ड्रेक्ली.” मला वाटलं, लगेच. नंतर कळलं, आपल्याकडे ‘बघू की’ म्हणतात तसं ते आहे. पण किल्ली मात्र ते वेळेवर द्यायचे.

मी नाव वाचायचो, घर, तारीख, वय. विहीणबाई ऐकायच्या आणि प्रत्येकावर दोन शब्द बोलायच्या.

“जेम्स रोस्कोर्ला, मिल लेन, वय एकसष्ट.”

“ह्याला एकच पाय होता म्हणे. आणि नाचायचा सगळ्यांपेक्षा चांगला.”

“मेरी ॲन बोलिथो, वय अठ्ठ्याऐंशी.”

“देवा. हिच्या शेजारी नको हं. माझी आई म्हणायची, ही झोपेतसुद्धा भांडायची.”

प्रत्येक पानावर आठ चौकटी छापलेल्या. आठ नावं झाली की पान उलटायचं. विहीणबाई नावागणिक टेबलावर एक बोट टेकवायच्या आणि आठव्याला सबंध तळहात ठेवायच्या. तळहात पडला की मी पान उलटायचो. एका बैठकीत चार पानं. पाचव्याला आम्ही दोघंही दमलेलो असायचो. मग आवारातल्या बाकावर बसून त्यांच्या थर्मासमधला चहा प्यायचो. एकदा मी त्यांना सांगितलं की मी आमच्या पिसाळांची वंशावळ तयार करतोय, सात पिढ्यांची.

“तुमची भावंडं किती?”

“तीन. थोरला मी.”

“थोरल्यांना फार काम पडतं,” त्या म्हणाल्या.

कचेरीतला एक नियमही मी त्यांना ऐकवला होता. साहेबी रुबाबात ऐकवला होता, आता आठवलं की लाज वाटते. म्हटलं, नोंद वाचता आली नाही तर ती ओळ कोरी सोडायची, पण गाळायची नाही. गाळलेली ओळ पुढे कोणालाच सापडत नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही १९३५ सालात पोहोचलो. तो गुरुवार होता. मी पान उलटलं, दोन म्हातारे वाचले, एक बुडालेला कोळी वाचला, आणि चौथ्या चौकटीवर माझी नजर गेली.

लव्हडे ॲनी ट्रेंबाथ. कार्न कॉटेजेस. १४ मार्च १९३५. वय नऊ महिने. समासात पेन्सिलीने, एन सतरा.

ट्रेंबाथ हे विहीणबाईंचं माहेरचं नाव. कार्न कॉटेजेस हे त्यांच्या आईचं घर, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. आणि त्यांचा जन्म छत्तीसचा. म्हणजे त्यांच्या आधी एक मुलगी झाली, नऊ महिन्यांची होऊन गेली, आणि पुढच्या वर्षी झालेल्या मुलीला आईबापांनी तेच नाव, जसंच्या तसं तेच नाव ठेवलं.

माझ्याशेजारी जिवंत बाई बसलीय आणि तिचं नाव मी मेलेल्यांच्या रजिस्टरात वाचून दाखवणार? आमच्याकडे गेलेल्या मुलाचं नाव घरात कोणी उच्चारत नाही. पुढच्याला ते ठेवायचं तर दूरच. पुढच्याला धोंडू, दगडू, केरू असलं काहीतरी म्हणायचं, म्हणजे काळाला वाटावं की हा टाकाऊ माल आहे. आणि इथे या लोकांनी काळाला पुन्हा तोच पत्ता दिला होता.

मला खोकला आला. आला म्हणजे मी काढला. आणि मी पाचवं नाव वाचलं.

पान संपलं. मी उलटलं. तळहात पडला नव्हता. मला ते जाणवलं होतं. नव्हतं जाणवलं असं आज म्हणणार नाही. पण मी घाईने पुढचं नाव वाचलं आणि विहीणबाईही पुढे ऐकत राहिल्या.

नंतरच्या मंगळवारी आम्ही नेट लावून त्रेचाळीस गाठलं. एलिझा ट्रेंबाथ, कार्न कॉटेजेस, ९ नोव्हेंबर, वय चौतीस. माझा आवाज बरा होता. विहीणबाईंनी डोळे मिटले.

“चौतीस,” त्या म्हणाल्या. “माझा पेरन आता हिच्याहून किती मोठा आहे.” मग थोड्या वेळाने, “बाजूला नंबर आहे?”

समासात नंबर नव्हता. पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं : एल. ए. टी. सोबत.

आईला तिच्या तान्ह्या मुलीच्या कबरीत ठेवलं होतं. नंबर त्या मुलीच्या ओळीत होता, आणि ती ओळ मी गाळली होती.

“पुसट आहे,” मी म्हणालो. “वाचता येत नाही.”

हे वाक्य मी कचेरीत शेकडो पक्षकारांना ऐकवलं असेल, पण ते खरं असताना. विहीणबाई काठी घेऊन उठल्या. किल्ली द्यायला गेलो तेव्हा नान्कारो दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. “मला वाईट वाटतं, लव्हडे. पण नंबराशिवाय नाव घेता येणार नाही. दुसऱ्या कोणाच्या आईवर कुदळ पडायला नको. शुक्रवारी संध्याकाळी बैठक आहे. तोवर काही सापडलं तर बघा.”

पहिल्यांदाच ते ‘ड्रेक्ली’ म्हणाले नाहीत.

त्या संध्याकाळी मी शुभदाला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, “आप्पा, नका सांगू. ह्या वयात त्यांना कशाला धक्का? आपली आधीची एक मेली आणि तिचंच नाव आपल्याला दिलं, हे कोणाला ऐकावंसं वाटेल? पेरनपण हेच म्हणेल. आम्ही त्यांना दहनाचं हळूहळू पटवू.”

“त्यांना आईजवळ जायचंय, शुभे.”

“त्यांना कुठे कळणार आहे नंतर?” ती म्हणाली, आणि लगेच, “तसं नाही म्हणायचं मला. जपायला नको का त्यांना?”

जपायला. कमलच्या आजारात मलाही सगळ्यांनी असंच जपलं होतं. तिचा शेवटचा रिपोर्ट डॉक्टरांना माहीत, शुभदाला माहीत, खुद्द कमलला माहीत. मला मात्र सांगितलं की अशक्तपणा आहे, उन्हाळा सरला की बरं वाटेल. शेवटचे दोन महिने मी तिच्या उशाशी बसून गच्चीच्या गळक्या पाइपाबद्दल आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोललो. बोलायचं ते राहून गेलं. शुभदाला मी त्यावरून कधी एक शब्द बोललो नव्हतो आणि त्या संध्याकाळीही बोललो नाही. तिने भलेपणानेच केलं होतं. पण बुधवारचा अख्खा दिवस मी खिडकीशी बसून होतो, आणि मला काय झालंय हे मांजराला सुद्धा कळलं असावं, कारण ते माझ्याजवळ फिरकलं नाही.

गुरुवारी दुपारी मी विहीणबाईंकडे गेलो. चर्चला जायचं काही कारण उरलं नव्हतं, पण वार गुरुवार होता. त्या स्वयंपाकघरात पेस्टी करत होत्या. पेस्टी म्हणजे वीतभर लांबीची जाड करंजीच म्हणा, बटाटा, कांदा, सलगम भरलेली. घरच्यांच्या त्या मांस घालून करायच्या, माझी एक वेगळी. सारण बोटांनी चाचपून भरायच्या आणि कड इतकी सुरेख मुरडायच्या की डोळस बाईने बघत राहावं. शेवटी पिठाच्या तुकड्यांची अक्षरं करून प्रत्येक पेस्टीच्या कोपऱ्यावर नावाची आद्याक्षरं चिकटवायच्या. तिकडची ती जुनी रीत. अर्धी खाऊन ठेवली तरी कोणाची ते कळावं म्हणून.

टेबलावर चार पेस्ट्या होत्या. पी. एच. पेरनची. एस. एच. शुभदाची. डी. पी. माझी. आणि चौथीवर त्या अंगठ्याने दाबून अक्षरं बसवत होत्या. एल. ए.

मी खुर्चीत बसलो.

“विहीणबाई, मी एक ओळ गाळली.”

त्यांचा अंगठा थांबला.

“पस्तीस सालच्या पानावर. आणि मंगळवारी खोटं बोललो. समासातलं पुसट नव्हतं. मला स्वच्छ वाचता आलं.”

“काय होतं?”

“त्या ओळीत तुमचं नाव होतं. लव्हडे ॲनी ट्रेंबाथ. नऊ महिन्यांची. तुमच्या आधीची बहीण असणार. तुमच्या आईला तिच्यासोबत ठेवलंय. नंबर तिच्या ओळीत आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीत नसेल. मला वाटलं, ऐकून...”

विहीणबाईंनी हात झटकले, चाचपत खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं आता रडतील. पण त्या म्हणाल्या, “त्या पानावर तुम्ही सातच वाचलीत. मी मोजत होते.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“तेच तर मला माहीत नव्हतं.” त्या टेबलावरचं पीठ तळव्याने एका बाजूला लोटत राहिल्या. “मी चार-पाच वर्षांची असताना आई मला दर रविवारी तिथे न्यायची. लाकडाचा लहान क्रूस होता. त्याच्यावर माझं नाव. मी अक्षरं शिकले ती त्याच्यावरून, आई माझं बोट धरून गिरवून घ्यायची. मला वाटायचं, प्रत्येक मुलाची अशी एक जागा आधीच करून ठेवलेली असते. आई गेली, मी मावशीकडे गेले. मावशीला विचारलं तर म्हणाली, असं काही नव्हतंच, तुला भास झाला असेल, पुन्हा बोलायचं नाही. मी पुन्हा बोलले नाही. नवऱ्याला नाही, पेरनला नाही. बहात्तर वर्षं झाली. मधे मधे मलाच वाटायचं, मावशीचं खरं असेल.”

“मग मला आधी का नाही सांगितलंत? मी पहिल्याच दिवशी शोधून दिली असती.”

“म्हणूनच. तुम्ही चांगले आहात, डोंडी.” माझं नाव त्यांना तेवढंच जमायचं. “मला दिसत नाही. मी सांगितलं असतं, तर मला बरं वाटावं म्हणून तुम्ही नसलेली ओळसुद्धा वाचली असतीत. मला ती अशा माणसाने वाचायला हवी होती ज्याला काहीच ठाऊक नाही. म्हणून म्हटलं, पहिल्यापासून वाचा.”

तीन आठवडे मी ते म्हातारपणाचं खूळ समजत होतो.

“आणि मी नेमकी तीच गाळली,” मी म्हणालो.

“सगळे मला जपतात हो. मला त्याचा आता फार कंटाळा आलाय.” मग म्हणाल्या, “पण सांगायला आलात. आणि मी विचारायच्या आधी सांगितलंत. म्हणजे ती होती. आता मला खात्री आहे.”

मग त्या रडल्या. मीही रडलो. कमल गेली तेव्हा जे झालं नव्हतं ते त्या परक्या स्वयंपाकघरात, पिठाने भरलेल्या टेबलाशी बसून झालं. पदर नव्हता म्हणून त्यांनी ओट्यावरचं फडकं माझ्याकडे सरकवलं, आणि त्याला कांद्याचा वास होता.

“तुम्ही इतके का घाबरलात?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं. माझ्या आधी आईला दोन मुलगे झाले, दोन्ही गेले. मी झालो तेव्हा आईने मला शेजारणीला सूपभर कोंड्याच्या बदल्यात विकलं आणि तिच्याकडून परत विकत घेतलं, म्हणजे हा हिचा मुलगा नव्हेच असं काळाला वाटावं. नाव ठेवलं धोंडीराम. उजवी नाकपुडी टोचली. ते भोक बुजलं, पण खूण अजून आहे.

“हात लावून बघू?”

व्याह्याच्या नाकाला विहिणीने हात लावायचा, हे आमच्या भावकीत कोणी बघितलं असतं तर मला गाव सोडावं लागलं असतं. मी पुढे वाकलो. त्यांनी पिठाळलेलं बोट माझ्या नाकपुडीवर ठेवलं, बरोबर खुणेवर.

“म्हणजे तुम्ही थोरले नाही,” त्या म्हणाल्या. “तिसरे आहात.”

त्यांचं बोट अजून माझ्या नाकावरच होतं.

“त्यांची नावं काय होती?”

“माहीत नाही. आई कधी बोलली नाही. मी कधी विचारलं नाही. आणि आमच्याकडे ती कुठे लिहिलेली नसतात.”

शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा त्या खोलीत गेलो. नान्कारोही आले. मी पस्तीस सालचं पान काढलं आणि पहिल्यापासून आठही नावं वाचली. चौथ्याला विहीणबाईंनी मला थांबवलं. “पुन्हा वाचा.” मी वाचलं. “आणखी एकदा.” तिसऱ्या वेळी त्या पुटपुटल्या, “होती गं तू.” मग आठव्याला त्यांचा तळहात टेबलावर पडला. नान्कारोंनी नंबर वहीत उतरवून घेतला आणि नाक शिंकरलं.

एन सतरा उत्तरेच्या भिंतीशी निघाली. तिथे काही नव्हतं, खाजकुयलीसारखं अंगाला झोंबणारं रान आणि गवत. विहीणबाई काठी टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “इथे ऊन येतं ना दुपारचं?” येतं, मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

त्या अडीच वर्षांनी गेल्या. मी तोवर साताऱ्याला परतलो होतो. शुभदाने फोन करून लगेच सांगितलं, काही न लपवता. आजार काय होता, शेवटी काय झालं, सगळं. पुढे दगड बसला त्याचा फोटोही तिने पाठवला. त्यावर तीन नावं आहेत. एलिझा. लव्हडे ॲनी. लव्हडे ॲनी. तसंच खोदायचं, असं त्या पेरनला लिहून देऊन गेल्या होत्या. गावातल्या कोणा नवख्याने दगडावर चूक झालीय म्हणून नान्कारोंकडे तक्रार केली म्हणे, आणि नान्कारो म्हणाले, “दुरुस्त करू, ड्रेक्ली.”

फोटो आला त्या दिवशी मी आमची वंशावळ काढली. तोवर ती तीन वेळा शाईने स्वच्छ उतरवून झाली होती, भावकीत वाटायलाही दिली होती. आईच्या पिढीचं आता कोणी उरलेलं नाही. एक आत्या होती, तीही त्या आधीच्या वर्षी गेली. मी कॉर्नवॉलहून आल्या आल्या तिला विचारायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, प्रवासाचा कंटाळा आला, आणि राहिलं.

मी पट्टी घेतली. आमच्या वडिलांच्या नावाखाली माझं नाव पहिलं होतं, ते खोडलं. तिथे दोन ओळी आखल्या आणि कोऱ्या सोडल्या. त्यांच्याखाली नीट अक्षरात लिहिलं : तिसरा, धोंडीराम.